लेबल झाकले, तर सायकल ओळखू येईल?

महागडी फ्रेम आणि नाजूक चाके यांच्यातला सूक्ष्म फरक आपल्याला बसल्या क्षणी कळतो, असे अनेक सायकलपटू छातीठोकपणे सांगतात. पण त्यांच्यापासून नाव आणि किंमत लपवून ठेवली, तर काय होते?

सात सायकली होत्या. एकाच कारागिराने बांधलेल्या, एकाच मापाच्या. हँडल, सीट, चाके, ब्रेक, सारे जोडकाम सारखे. फरक एवढाच, की प्रत्येक फ्रेम वेगवेगळ्या दर्जाच्या पोलादी नळ्यांची होती. सर्वांत स्वस्त नळ्यांपासून सर्वांत महाग नळ्यांपर्यंत सात पायऱ्या, पण बाहेरून काहीच कळू नये अशी व्यवस्था. स्वारांनी एकेक सायकल चालवायची आणि कोणती उत्तम, कोणती साधारण हे सांगायचे.

ही चाचणी नव्वदच्या दशकात ‘बायसिकल गाइड’ या अमेरिकन मासिकाने घेतली. फ्रेम बांधल्या होत्या इटलीतील मिलान परिसरातले नामवंत कारागीर आंतोनिओ मोंदोनिको यांनी, आणि नळ्या होत्या कोलंबस या तितक्याच नामवंत इटालियन कंपनीच्या. लेखक होते अ‍ॅलन कोटे. लेखाला नाव दिले होते ‘मॅग्निफिसंट सेव्हन’.

चाचणी घेणारे लोक नवखे नव्हते. नवी सायकल चालवायची आणि तिच्याविषयी वाचकांना सांगायचे, हाच त्यांचा व्यवसाय. अशा मासिकांतून दर महिन्याला छापून येई, की अमुक फ्रेम ‘जिवंत’ आहे, तमुक फ्रेम ‘मुर्दाड’ आहे, एक रस्त्यावरचे हादरे लोण्यासारखे गिळते तर दुसरी प्रत्येक खडा मणक्यापर्यंत पोहोचवते. वाचक त्यावर विश्वास ठेवून महिन्यांचा पगार दुकानदाराच्या हवाली करीत. तेव्हा परीक्षा केवळ सात सायकलींची नव्हती. परीक्षकांचीही होती.

निकाल काय लागला? सातही सायकली चालवायला चकित व्हावे इतक्या सारख्या वाटल्या. किमतीच्या उतरंडीप्रमाणे त्या ओळीने लावणे जमले नाही. स्वस्तातली फ्रेम महागड्या भावंडांच्या पंक्तीत सहज खपून गेली. स्वतःच्याच व्यवसायाच्या भाषेला तडा जाणारा हा निकाल त्या मासिकाने छापला, याचे कौतुक करायला हवे.

पोलाद ते पोलादच

अभियंत्यांना या निकालाचे फारसे नवल वाटले नसावे. पोलाद स्वस्त असो की महाग, त्याचा मूळ ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. महाग पोलादाचा गुण वेगळा: ते अधिक ताण सोसते. त्यामुळे नळीची भिंत पातळ ठेवता येते आणि फ्रेमचे वजन काही शे ग्रॅमने उतरते. उलट भिंत पातळ केली, की नळी थोडी अधिक लवचिकच होते. म्हणजे ‘भारी पोलाद म्हणून फ्रेम कडक’ हे दुकानातले वाक्य शास्त्राच्या कसोटीवर उलटेच पडते.

ताठपणाचा खरा खेळ आहे नळीच्या जाडीत, म्हणजे व्यासात. भिंत तेवढीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वाकण्याला होणारा विरोध साधारण आठपट होतो. ही गोष्ट लक्षात घेतली, की अ‍ॅल्युमिनियमविषयीच्या प्रसिद्ध समजुतीचाही उलगडा होतो. ‘अ‍ॅल्युमिनियमची सायकल कडक, हाडे खिळखिळी करणारी, पोलादाची मऊ’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम एकतृतीयांश! फ्रान्समधील विटस कंपनीची ‘९७९’ ही अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम पोलादी फ्रेमसारख्याच बारीक नळ्यांची होती, आणि ती लवचिक म्हणूनच ओळखली जाई. आयर्लंडचे दणकट स्प्रिंटर शॉन केली हिच्यावर बसून शर्यती जिंकत. अमेरिकेत क्लाइन आणि कॅननडेल यांनी जाडजूड नळ्यांच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आणल्या, त्या मात्र खरोखरच ताठ होत्या. ताठपणा आला नळीच्या व्यासामुळे, आणि नाव लागले धातूला.

शिवाय सायकलच्या फ्रेमचा आकार पाहा. दोन त्रिकोण एकमेकांना चिकटवलेले. घराच्या कैचीला, पुलाच्या सांगाड्याला जो त्रिकोण बळ देतो, तोच इथेही आहे. वरून दाबाल तर अशी रचना जवळजवळ दबतच नाही. मग खड्ड्यातून जाताना जे ‘मऊ’ किंवा ‘कडक’ वाटते ते येते कुठून? काही प्रमाणात पुढच्या चिमट्याच्या बाकातून, सीटखालच्या दांड्यातून, सीटच्या गादीतून, हँडलच्या वेष्टनातून. आणि सर्वांत जास्त टायरमधून.

ब्रांट यांनी चाक मोजले

चाकांच्या बाबतीत तर समजुतींचे रानच माजले होते. आपल्याकडे सायकल दुकानात चाकाचा ‘आउट’ काढताना कारागीर स्पोकवर टिचकी मारतो, आवाज ऐकतो, निपल अर्धा आटा फिरवतो आणि पुन्हा टिचकी मारतो. हे कसब अस्सल आहे. स्पोकचा ताण त्याच्या स्वरातून खरोखरच कळतो. पण शर्यतींच्या जगात याहून पुढची एक प्रथा होती. जिथे दोन स्पोक एकमेकांना ओलांडतात, तिथे ते बारीक तारेने बांधायचे आणि त्यावर डाग द्यायचा. असे चाक अधिक ताठ होते, स्वाराने मारलेला जोर वाया जात नाही, असा पक्का समज. पायडलवर उभे राहताच हा फरक जाणवतो, असे सांगणाऱ्यांचीही उणीव नव्हती.

कॅलिफोर्नियातील योब्स्ट ब्रांट यांनी हे सांगणे ऐकले आणि चाक मोजायला घेतले. ब्रांट व्यवसायाने अभियंता. पोर्शे या मोटार कंपनीत आणि नंतर ह्यूलेट-पॅकार्डमध्ये त्यांनी काम केले होते. आल्प्स पर्वतातले घाट सायकलने पालथे घालणे हा त्यांचा छंद. त्यामुळे त्यांना ‘प्रयोगशाळेतला पंडित’ म्हणून उडवून लावण्याची सोय नव्हती. १९८१ साली त्यांचे ‘द बायसिकल व्हील’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सायकलच्या चाकावरचा तो जणू प्रमाणग्रंथ ठरला. बांधलेले, डाग दिलेले चाक आणि साधे चाक यांवर वजन टाकून ब्रांट यांनी ते किती दबते, किती वळते याची मोजणी केली. दोन्हींत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही!

ब्रांट यांचा सर्वांत मोलाचा मुद्दा साध्या तुलनेचा होता. माणूस सायकलवर बसला की मागच्या चाकावर साधारण पन्नास किलो भार येतो. त्या भाराने टायर काही मिलिमीटर दबतो. आणि रिम व स्पोक यांचे चाक? ते मिलिमीटरच्या एखाद्या-दुसऱ्या दशांशाएवढेच दबते. आता स्पोक जाड लावा, बारीक लावा, सरळ ओवा किंवा तिरपे ओवा. बदल होणार तो या दशांशातल्या एखाद्या हिश्श्याचा. त्याच्यावर बसलेला टायर त्याच वेळी वीस-तीस पट अधिक खालीवर होत असतो. चार-आठ दिवसांत ट्यूबमधून आपोआप झिरपणाऱ्या हवेने याहून मोठा फरक पडतो. जाड गादीखाली चादरीची एक घडी आहे की दोन, हे झोपणाऱ्याने सांगावे, तसा हा प्रकार.

१८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर तयार केला, तेव्हापासून सायकलचा खरा गादीवाला तोच आहे. बाकीचे सारे त्याच्या मागे, फार मागे उभे आहेत.

पिशवीतले वांगे आणि चाकातले ग्रॅम

पण वजनाचे काय? हलकी चाके तर हातात घेताच कळतात!

कळतात, यात शंका नाही. प्रश्न असा, की हातात कळलेले रस्त्यावरही कळते का? जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाचे प्राध्यापक एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली स्पर्शज्ञानावरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्यांना आढळले, की माणसाला वजनातला फरक किती ग्रॅमने कळतो हे ठरलेले नसते. तो मूळ वजनाच्या किती हिश्श्याने कळतो, हे मात्र बरेचसे ठरलेले असते. उचललेल्या वजनाच्या बाबतीत हा हिस्सा साधारण चाळिसावा. भाजीची पिशवी पाव किलोची असेल तर त्यात एक वांगे टाकलेले लगेच समजते. पिशवी दहा किलोची असेल तर तेच वांगे कुणी गुपचूप टाकले तरी पत्ता लागत नाही.

आता हिशोब मांडू. महाग चाकांच्या जोडीने समजा तीनशे ग्रॅम वजन वाचले. नुसती चाके हातात धरली तर मूळ जोडी असेल अठराशे ग्रॅमची. फरक सहाव्या हिश्श्याचा, म्हणजे ढळढळीत. दुकानात पूर्ण सायकल उचलून पाहिली तर आठ किलोत तीनशे ग्रॅम. तरीही वेबर यांच्या रेषेच्या वर. गिऱ्हाइकाचे डोळे चमकतात आणि सौदा इथेच पटतो. पण तेच गिऱ्हाईक सायकलवर बसले, की एकूण वजन होते ऐंशी किलो. तीनशे ग्रॅम आता पाव टक्क्याच्या जरासे वर राहतात. रिमचे वजन वेग घेताना दुपटीने जाणवते, हे खरे आहे, कारण ते पुढेही जाते आणि फिरतेही. दुप्पट धरले तरी पाऊण टक्का! वेबर यांचा नियम हातांनी उचललेल्या वजनाचा. तो सायकलच्या वेगाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पाऊण टक्का आणि अडीच टक्के यांत अंतर एवढे आहे, की ‘पहिल्याच पायडलला सायकल उडाली’ म्हणणाऱ्याला क्षणभर थांबवून विचारावेसे वाटते. घोटभर पाणी अधिक प्यायले की सायकल मंदावल्याचे त्याला जाणवते का?

चढावर मात्र प्रत्येक ग्रॅमचा हिशोब घड्याळात उमटतो आणि शर्यत सेकंदांवर जिंकली जाते. ‘फायदा होतो’ आणि ‘जाणवतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाणवला नाही म्हणजे फायदा नाही असे ठरत नाही, आणि जाणवला म्हणजे फायदा झालाच असेही नाही.

सारे जग चुकले तेव्हा

या शेवटच्या गोष्टीचे उदाहरण सायकल शर्यतींच्या इतिहासातच आहे, आणि ते मोठे बोलके आहे.

कित्येक दशके शर्यतीतले सायकलपटू बारीक टायर वापरीत. वीस ते तेवीस मिलिमीटर रुंद, आणि हवा इतकी ठासून भरलेली की टायर दगडासारखा लागावा. का? तर असा टायर ‘पळतो’. हे सांगणारे ऐरेगैरे नव्हते. जगातले उत्तमोत्तम स्वार, त्यांचे मेकॅनिक, त्यांचे प्रशिक्षक सगळे एकमुखाने हेच सांगत. हात लावून पाहा, बसून पाहा, वेग जाणवतो की नाही?

वेग जाणवत होता, हे अगदी खरे. कडक टायरमधून रस्त्याचा बारीक कंप हातांत आणि बैठकीत येतो, आणि जसा वेग वाढतो तसा कंपही चढत जातो. हळूहळू मेंदूने समीकरण बांधले: जितका कंप अधिक, तितका वेग अधिक. मऊ, रुंद टायर लावला की कंप कमी होई आणि स्वाराला वाटे, आपण रेंगाळतो आहोत. पुढे घड्याळ लावून, जोर मोजून चाचण्या झाल्या, तेव्हा दिसले की खडबडीत रस्त्यावर रुंद आणि बेताच्या हवेचा टायर मंद नसतोच. पुष्कळदा तो सरस ठरतो. कारण कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि स्वाराला वर उडवतो, आणि ती शक्ती स्वाराच्याच अंगात जिरून वाया जाते. आज शर्यतीतले व्यावसायिक अठ्ठावीस मिलिमीटर आणि त्याहूनही रुंद टायर वापरतात. एके काळी असे टायर घेऊन कुणी शर्यतीला उभा राहिला असता, तर लोकांनी त्याला दूधवाला समजले असते.

शरीराला फरक तर जाणवला होता, तोही अगदी अचूक. चुकला तो त्याचा अर्थ.

मर्क्स यांचा पाना

मग सायकलपटूच्या अंगाला काही कळतच नाही, असे म्हणायचे का? तसे म्हणणाराही फसेल. बेल्जियमचे एडी मर्क्स यांचे उदाहरण घ्या. सर्वकाळातले सर्वश्रेष्ठ सायकलपटू म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते हेच. १९६९ साली फ्रान्समधील ब्लुआ येथे ट्रॅकवरच्या शर्यतीत त्यांना भीषण अपघात झाला. त्यांना वेग देणाऱ्या पेसर वाहनाचे चालक फेर्नां वांब्स्ट त्यात दगावले. मर्क्स यांच्या डोक्याला, पाठीला आणि कमरेला दुखापत झाली. ते सावरले, पुढची कित्येक वर्षे जिंकत राहिले, पण सीटवर पूर्वीसारखे सुख त्यांना पुन्हा मिळाले नाही. सीट किंचित वर, किंचित खाली, हा चाळा जन्माचा लागला. खिशात पाना घेऊन शर्यत सुरू असतानाच सीटची उंची बदलणारे मर्क्स अनेकांनी पाहिले आहेत.

इथे फरक मिलिमीटरांचाच होता, पण तो सांध्यांना कळत होता. तासात हजारो वेळा गुडघा त्याच कमानीतून फिरतो. त्या कमानीतला बदल दुखऱ्या कमरेपासून लपत नाही. बैठकीची उंची, हँडलचे अंतर, पायडलवरची पावलाची जागा, म्हणजे अंग जिथे सायकलला टेकते ते सारे, शरीर बारकाईने ओळखते. तसेच हवेचे. तसेच कोरड्या चेनचे, सैल कोनचे, घासणाऱ्या ब्रेकचे. तासावर सायकल भाड्याने घेण्याचे दिवस ज्यांना आठवत असतील, ते इंदूरचे असोत की पुण्याचे, त्यांना दुकानातल्या वीस सायकलींमधली ती एक ‘हलकी पळणारी’ सायकलही आठवेल. ती मिळावी म्हणून शाळा सुटताच धावत जावे लागे. वीसही सायकली एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या. तरी ती खरोखरच हलकी पळे, कारण तिच्या हबमधल्या गोळ्या शाबूत असत आणि टायरात हवा असे. हा फरक मुलांनाही डोळे मिटून कळत होता.

उंच कडांच्या आधुनिक कार्बन रिमचे तेच. आडव्या वाऱ्यात त्या हँडल असे ओढतात, की स्वाराने दुर्लक्ष करायचे म्हटले तरी करता येत नाही. शिवाय त्या पोकळ, घुमणारा आवाज करतात. कानाला तो आवाज वेगाचा वाटतो, आणि अनुभवाच्या वर्णनात कानाचा वाटा किती, हे सांगणे स्वाराला स्वतःलाही कठीण जाते.

दुसरी बाजू

‘मॅग्निफिसंट सेव्हन’ने वाद मिटला असे मात्र नाही. अमेरिकेतील सिएटल येथून निघणाऱ्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या त्रैमासिकाचे संपादक यान हाइने यांनी २००८ च्या सुमारास तशीच, पण अधिक काटेकोर चाचणी घेतली. पुन्हा फ्रेम एकाच कारागिराच्या, नळ्या तेवढ्या वेगळ्या. आणि या वेळी सायकल हाती देणाऱ्यालाही कोणती कोणती हे ठाऊक नाही अशी दुहेरी पडद्याची पद्धत. या खेपेस काही स्वारांना फ्रेम ओळखता आल्या. बारीक, पातळ नळ्यांची लवचिक फ्रेम त्यांना चढावर अधिक चांगली साथ देते असे दिसले. आणखी एका स्वाराला मात्र काही उमगले नाही. हाइने यांचे म्हणणे असे, की लवणारी फ्रेम काही स्वारांच्या पायडल मारण्याच्या लयीशी जुळते आणि त्यांचा जोर अधिक चांगला लागतो. स्वारांची संख्या थोडी होती, आणि फ्रेम लवली तर शक्ती वाया जाते असे मानणाऱ्यांना हे अजून पटलेले नाही. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. वर्षानुवर्षे दुकानदार ‘अधिक ताठ म्हणजे अधिक चांगली’ असे सांगत आले. आणि पडद्याआड ज्यांना फरक कळला, त्यांना ताठ फ्रेमपेक्षा लवचिक फ्रेम आवडली!

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील शेरब्रुक विद्यापीठात ‘व्हेलस’ नावाचा संशोधकांचा गट आहे. त्यांनी स्वारांच्या मताऐवजी उपकरणांना बोलते केले. सायकलच्या हँडलवर आणि सीटखाली मापके बसवायची, खडबडीत रस्त्याचा कंप यंत्राने निर्माण करायचा, आणि एकेक भाग बदलून पाहायचा. निष्कर्ष असा निघाला, की हातांपर्यंत येणाऱ्या कंपात चिमटा आणि हँडल यांचा वाटा मोठा, तर बैठकीपर्यंत पोहोचणाऱ्या कंपात चाके आणि फ्रेम यांचा. म्हणजे चाके आणि फ्रेम अगदीच निर्दोष सुटत नाहीत. पण याच मोजण्यांतून आणखी एक गोष्ट पुढे आली: तोच माणूस त्याच सायकलवर मनगट जरा वेगळ्या कोनात ठेवून बसला, हँडलवर थोडा अधिक भार दिला, तरी आकडे हलतात. ज्याला ‘भारी फ्रेमवर बसलो आहोत’ हे माहीत आहे, तो नकळत सैलावून बसत असेल, तर त्याला लाभणारे सुख खोटे कसे म्हणायचे? ते फ्रेममधून येत नाही, एवढेच.

व्हायोलिनवादकांनाही हा अनुभव आला आहे. २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे एकवीस वादकांना अंधूक खोलीत, काळे चष्मे लावून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन जुनी इटालियन, त्यांत दोन जगप्रसिद्ध स्त्रादिवारीने घडवलेली, तीन नवी. वादकांची सर्वाधिक पसंती मिळाली एका नव्या वाद्याला, आणि सर्वांत नावडते ठरले ते एक स्त्रादिवारी. त्या वादकांचे कान वाईट होते असे कुणीच म्हणणार नाही.

घरच्या घरी परीक्षा

आज भारतातही शर्यतीच्या सायकली, कार्बनची चाके सहज मिळतात, आणि चांगल्या चाकांची जोडी लाखाच्या घरात जाते. घरात एखादा सायकलवेडा मुलगा किंवा मुलगी असेल, तर ही रक्कम आईवडिलांच्या कानावर कधी ना कधी पडतेच. ‘बाबा, बसून पाहिलं. जमीन-अस्मानाचा फरक आहे!’ असे वाक्य आले, की भांडण करण्यापेक्षा एक रविवार सकाळ काढावी.

मित्राकडून चाकांची दुसरी जोडी उसनी आणावी. दोन्हींना एकाच बनावटीचे, एकाच रुंदीचे टायर असावेत. रिमवरची नावे झाकण्यासाठी चिकटपट्टी पुरते. रिमची उंचीच वेगळी असेल तर सायकलकडे न पाहता बसायचे, हा नियम घालावा. फ्रीव्हील, ब्रेक यांचा आवाज ओळखीचा ठरू नये म्हणून कानात कापूस. एकाने नाणे उडवावे, छाप आला तर पहिली जोडी, काटा आला तर दुसरी, आणि कुणाशी न बोलता चाके बसवून बाजूला व्हावे. दुसऱ्याने सायकल स्वाराच्या हाती द्यावी. त्यालाही आत काय आहे ते ठाऊक नसावे. स्वाराने तोच रस्ता, तीच फेरी मारून यावी आणि कागदावर फक्त एक किंवा दोन एवढेच लिहावे. अशा दहा फेऱ्या. मध्ये निकाल सांगायचा नाही.

मग कागद जुळवावेत. दहापैकी सात बरोबर आले तर लगेच पाठ थोपटू नये. नुसते अंदाज ठोकणाऱ्यालाही सहा प्रयत्नांत साधारण एकदा सात किंवा अधिक बरोबर मिळतात. नऊ किंवा दहा बरोबर आले, तर मात्र ते नशिबाने येण्याची शक्यता शंभरात एक. तेव्हा मुलाचे म्हणणे मानावे, आणि पैशांचा विचार त्यापुढे करावा.

एक काळजी तेवढी घ्यायची. चाके बदलली, की दर वेळी गेज लावून हवा तपासायची आणि दोन्ही जोड्यांत अगदी सारखी ठेवायची. नाहीतर दहापैकी दहा उत्तरे बरोबर येतील, आणि ओळखलेली असेल ती फक्त हवा.